न उचललेलं झाकण

मीटरबाईला खऱ्या नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं, तिचा नवरा, आणि तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून ती सगळ्यांचीच मीटरबाई. ऑफिसात मीटरबाई, गल्लीत मीटरबाई. इतकंच काय, जावयाच्या मोबाइलमध्येसुद्धा तिचा नंबर ‘मीटर आई’ म्हणून होता. चोवीस वर्षं घरोघरची पाण्याची मीटरं वाचली की दुसरं काय होणार?

खांद्याला पिशवी, पिशवीत एक लोखंडी हूक, एक फडकं, टॉर्च आणि वही. घरासमोर जायचं, जमिनीतलं झाकण हुकानं उचलायचं, काचेवरची माती पुसायची, वाकून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, झाकण जागच्या जागी ठेवायचं. चारशे बारा घरं, दर महिन्याला. कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला न भुंकता येतो, हे तिला पाठ होतं. गुडघे बोलायला लागले होते, पण बाई काही थांबत नव्हती.

आणि तोरा केवढा! “माणूस तोंडानं वाट्टेल ते सांगेल, मीटर खोटं बोलत नाही,” हे ती दिवसातून चारदा ऐकवायची. ऑफिसात नव्या मुलांना म्हणायची, “माझ्या वहीत एक चुकीचा आकडा दाखवा, मिशी उतरवून देईन. नाहीये ती गोष्ट वेगळी.” मुलं हसायची, पण खरंच कुणाला सापडला नव्हता. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि वही लख्ख, खाडाखोड नाही की काही नाही.

तर अशा या बाईची एकुलती एक लेक दुसऱ्यांदा बाळंत व्हायची होती. सातवा महिना लागलेला. एका सुट्टीच्या दिवशी लेक, जावई आणि चार वर्षांची नात दुपारी जेवायला आली होती. ताटं उचलता उचलता लेक म्हणाली, “आई, मी त्या हॉस्पिटलात जाणार नाही.”

“मग कुठल्या जाणार?”

“कुठल्याच नाही. घरीच.”

जावई बेकरीत कामाला. पहाटेपासून भट्टीसमोर उभा राहणारा, शांत, भला माणूस. पण भल्या माणसांना कधी काय बोलू नये ते कळत नाही. तो म्हणाला, “अगं, मागच्या वेळी सगळं नीटच झालं की शेवटी.”

“शेवटी!” लेकीनं हातातलं ताट असं आपटलं की नात दचकली. “तुमचं शेवटी बाहेरच्या बाकावर झालं. माझं आत झालं.”

मग तिनं सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही सगळं एका दमात. लांबलचक व्हरांड्याच्या टोकाची खोली. ‘ओरडू नकोस, अजून वेळ आहे’ असं म्हणून लावून घेतलेलं दार. कोण तरी यायचं, बघायचं, जायचं. बाळ झालं, बाळाला पुसायला घेऊन गेले आणि ही एकटी. मग अंगाखाली ओलं लागायला लागलं. हिनं हाक मारली, ‘कुणी आहे का?’ पुन्हा मारली. “मी मोजत होते, आई. झोप येऊ नये म्हणून मोजत होते. एक्केचाळीस हाका. फरशी पुसणारी बाई आत आली म्हणून मी आहे. ती चहाला गेली असती तर नसते.”

मीटरबाईच्या हातातलं पाणी तसंच राहिलं. आपण त्याच दाराबाहेर बाकावर बसून शेजारणीशी गुडघेदुखीच्या तेलाबद्दल बोलत होतो, एवढंच तिला आठवत राहिलं.

“मला एक बाई शोधून दे,” लेक म्हणाली. “शिकलेली, सर्टिफिकेट असलेली नर्स-सुईण. नुसती पाठीवरून हात फिरवणारी मावशी नको, अडलं तर काय करायचं ते कळणारी हवी. आणि ती मला सोडून जाता कामा नये. एक मिनिटसुद्धा. अशी मिळाली तर ती म्हणेल तिथे मी येईन. नाही मिळाली, तर आतून कडी लावून घेईन आणि एकटी बाळंत होईन. तशीही एकटीच होते.”

मीटरबाईनं लेकीकडे बघितलं. ही कडी लावणार म्हणजे लावणार. हा हट्ट कुणाकडून आला हे शोधायला फार लांब जायला नको होतं. दिवस मोजले तर हातात तेरा आठवडे होते.

“शोधते,” मीटरबाई म्हणाली. “माझ्या चारशे बारा घरांत नसेल तर गावभर शोधते. पण कडीबिडीचं नाव काढायचं नाही.”

म्हणायला सोपं. आपल्या भागात अशी बाई आहे का, हे विचारायला लागल्यावर सल्ल्यांचा नुसता पाऊस पडला. जो तो शहाणा. एकीनं सांगितलं, चौकातल्या जिन्यावर एक मोठी मावशी आहे, पन्नास बाळंतपणं केलीत, भिंतीवर सर्टिफिकेट लावलंय. मीटरबाई गेली. मावशी तालेवार, सर्टिफिकेटही चांगलं फ्रेम केलेलं, पण काचेवर ही धूळ! मीटरबाईचा हात सवयीनं पिशवीत गेला, फडकं निघालं, काच पुसली आणि तिनं मोठ्यानं वाचलं, “प्रथमोपचार. दोन दिवसांचं शिबिर.”

“तेच ते,” मावशी म्हणाली.

“ते नव्हे,” मीटरबाई म्हणाली आणि जिना उतरली. सील नसलेल्या मीटरचा आकडा ती घेत नसे, मग बिनसर्टिफिकेटच्या हातात लेक कशी देणार?

आरोग्य कार्यालयात गेली. तिथल्या कारकुनानं नोंदणी झालेल्या नर्स-सुईणींची यादी काढून दिली. यादी जाडजूड होती, पण नोंदणी क्रमांकाप्रमाणे लावलेली, भागाप्रमाणे नाही, आणि निम्मे पत्ते वीस वर्षांपूर्वीचे. “यातून माझ्या भागातली कशी काढू?” तिनं विचारलं. “वाचून,” कारकून म्हणाला. धन्य तो माणूस! तिनं तीन दुपारी तिथे बाकावर बसून यादी वाचली. आपल्या भागातले तीन पत्ते सापडले. एक बाई परदेशी गेलेली, एक देवाघरी, आणि तिसरीच्या पत्त्यावर आता टायरचं दुकान होतं. दोन आठवडे गेले, हाती भोपळा.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बसून वह्या चाळत होती. दर वर्षाची एक वही ती स्वतःसाठी नक्कल करून ठेवायची, हौस म्हणून. चाळता चाळता एका घरावर बोट थांबलं. महिनोन् महिने वापर अकरा, बारा, अकरा. आणि एकदम एकोणीस. ती स्वतःशीच म्हणाली, “हे काय, यांच्याकडे बाळ झालं ना तेव्हा!” आणि ताठ बसली.

बरोबरच आहे! घरात तान्हं बाळ आलं की पाणी धो धो लागतं. दिवसाला वीस लंगोट, दुपटी, आंघोळी. एखाद्या घरी बाळ आलंय हे शेजाऱ्यांच्या आधी तिला कळायचं, आणि हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. तिनं दोन वर्षांच्या वह्या काढल्या आणि जिथे जिथे वापर उडी मारून वर गेला होता ती घरं लाल पेन्सिलीनं खुणावली. अठरा निघाली. कुणी यादी देवो न देवो, बाळंतिणींची यादी तर झाली.

दुसऱ्या दिवसापासून मीटर वाचता वाचता ती दारावर थाप मारायला लागली. “बाळ कुठे झालं? कुणी केलं बाळंतपण?” सगळीच घरं काही खरी निघाली नाहीत. एका दारात एक अविवाहित मास्तर उभे राहिले. त्यांच्याकडे गळका फ्लश होता. एकीकडे माशांची मोठी काचेची टाकी आली होती. एकीकडे सासूबाई राहायला आल्या होत्या. “त्या ताट घासायच्या आधीही धुतात आणि नंतरही,” सून कुजबुजली आणि दार लावून घेतलं. पण अकरा घरांत बाळं होती. सात हॉस्पिटलातली. उरलेल्या चौघींनी चार वेगवेगळ्या गल्ल्यांत एकच नाव घेतलं: स्कूटर सिस्टर.

“निळ्या स्कूटरवर यायच्या,” एक जण सांगत होती. तिच्या कडेवरचं बाळ मीटरबाईचा चष्मा ओढत होतं. “आल्या की बसायच्या आधी स्वतःचं सर्टिफिकेट दाखवायच्या, न मागता. नर्सिंगचं वेगळं, सुईणीचं वेगळं. माझ्याकडे दीड दिवस होत्या. जेवल्या माझ्याकडे, आंघोळ माझ्याकडे. मी डोळे उघडले की समोर त्या.”

“बाथरूमलासुद्धा गेल्या नाहीत वाटतं?”

“गेल्या असतील, पण मला कळलं नाही. एवढं सांगते.”

मीटरबाईच्या जिवात जीव आला. “कुठे राहतात?”

“राहायच्या. गेल्या वर्षी भाग सोडून गेल्या, का कोण जाणे. पाण्याची काहीतरी कटकट झाली म्हणतात. इस्त्रीवाल्याच्या मागची गल्ली, शेवटचं घर, हिरवं फाटक.”

आता चारशे बारा घरं पाठ असणाऱ्या बाईला हिरवं फाटक माहीत नसणार? माहीत होतं. त्या घरासमोर आता मीटरच नव्हतं, म्हणून वहीतूनही ते गेलं होतं. तिच्या कानशिलावर कुणी तरी चपराक मारल्यासारखं झालं. ती तशीच घरी गेली, गेल्या वर्षीची वही काढली, पान काढलं. स्वतःचंच टपोरं अक्षर. पहिला महिना: घर बंद, वापर नाही. दुसरा महिना: घर बंद, वापर नाही. तिसरा महिना: घर बंद, वापर नाही. लागोपाठ तीनदा असं आलं की घर रिकामं धरायचं आणि जोडणी तोडायची, असा ऑफिसचा नियम. तोडली. मीटर काढून नेलं.

पहिले दोन महिने तिला लख्ख आठवत होते. झाकण उचललं होतं, काच पुसली होती, आकडा खरंच हलला नव्हता. आणि तिसरा? तिसऱ्या महिन्यात ऊन मी म्हणत होतं. गल्लीचं शेवटचं घर, दिवसाचंही शेवटचं. फाटकाला कुलूप. झाकण मातीत रुतलेलं आणि गुडघ्यातून कळ येत होती. ती फाटकापाशी उभी राहिली, म्हणाली, ‘असणार तेच’, आणि मागच्या महिन्याचा आकडा उतरवून घरी गेली. झाकण तिनं उचललंच नव्हतं.

चोवीस वर्षांत एकदा. आणि त्या एका आकड्यानं अख्ख्या भागातली एकमेव सर्टिफिकेटवाली सुईण घालवली होती. तिनं, मीटरबाईनं! लाजेनं तिला स्वतःच्या स्वयंपाकघरात तोंड लपवावंसं वाटलं. मग ती उठली, तोंड धुतलं आणि चौघींपैकी एकीकडून मिळवलेला सिस्टरच्या बहिणीचा पत्ता पिशवीत टाकला. रडायला नंतर वेळ होता, लेकीला आठवा लागला होता.

दोन बस बदलून ती पोचली. स्कूटर सिस्टर आता बहिणीकडे राहायची आणि एका डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटांच्या डोळ्यांत थेंब घालायची. पन्नाशीची, आखूड केसांची, बोटं लांब. दुपारच्या सुट्टीत दवाखान्याच्या मागच्या पायरीवर डबा घेऊन बसली होती. मीटरबाईनं समोर उभं राहून सगळं सांगितलं, लेकीचं, एक्केचाळीस हाकांचं, आणि शेवटी झाकणाचं. एक शब्द गाळला नाही.

सिस्टरनं डब्याचं झाकण लावलं. “म्हणजे त्या तुम्ही.”

“हो. मीच.”

“पहिले दोन महिने एकामागून एक बाळंतपणं, मी सगळे दिवस लोकांच्या घरी. बाळंतिणीपाशी राहायचं तर तिथेच जेवायचं, तिथेच अंग धुवायचं. माझ्या घरात पाणी कुठून वापरलं जाणार?” तिचा आवाज चढला नाही, हेच मीटरबाईला जास्त लागलं. “पण त्या तिसऱ्या महिन्यात मी तापानं फणफणले होते. आठ दिवस घरात. बरी झाले तशी चादरी धुतल्या, पडदे धुतले, पुढची खोली धुऊन काढली. तिथे एका खाटेचं प्रसूतिघर काढायचं होतं मला, अर्ज दिला होता. तुम्ही झाकण उचललं असतं ना बाई, तर आकडा सांगत होता की इथे माणूस राहतं.”

मीटरबाई तिच्या शेजारी पायरीवर टेकली.

“तीस तास जागून आले आणि नळाला पाणी नाही. तुमच्या ऑफिसात तीन खेपा घातल्या. म्हणे, वापर नाही तर तुम्ही राहता कशावरून? आणि तपासणीवाले आले, वाहतं पाणी नाही बघून खोलीची परवानगी नाकारली. मग कंटाळले. माणूस किती भांडणार?”

“माझं चुकलं. तुमच्या पाया पडते.”

“पाया नका पडू, उगीच गुडघे दुखतील,” सिस्टर म्हणाली. “मला माफी नको, पाणी पाहिजे. त्या नळाला पाणी आणा, मी येते. तुमच्या लेकीसाठी येते, तुमच्यासाठी नाही.”

“आणते,” मीटरबाई म्हणाली.

ऑफिसातले साहेब तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण मनाचे मऊ. सगळं ऐकून त्यांनी केबिनचं दार लोटून घेतलं. “मीटरबाई, वेड लागलंय का? आठ महिने राहिले. असं करू, मीटर नादुरुस्त होतं असं लिहू. कुणाच्याच अंगावर येणार नाही.”

“मग जोडणी कधी मिळेल?”

“मीटर तपासणीला जाईल. अहवाल यायला तीन महिने तरी.”

“आणि नोंद चुकली असं मी लिहून दिलं तर?”

साहेबांनी टेबलावरचा कागद इकडचा तिकडे केला. “तर ऑफिसची चूक. आठ दिवसांत जोडावीच लागते. पण तुमच्या सेवापुस्तकात शेरा पडेल. तुमची घरं काढून घेतील. उरलेले महिने स्टोअरमध्ये जुनी मीटरं मोजत बसाल. चोवीस वर्षांचं नाव जाईल हो, विचार करा.”

“नाव कसलं, साहेब? झाकण न उचलता लिहिणारीचं नाव?” तिनं खिशातला पेन काढला. “मीटर बिचारं धडधाकट होतं. खोटं मी बोलले, आळ त्याच्यावर घालू? द्या कागद.”

तिनं त्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं: तिसऱ्या महिन्याची नोंद मी झाकण न उचलता केली. खाली सही केली. त्याच आठवड्यात तिची चारशे बारा घरं एका पोरसवदा कर्मचाऱ्याला दिली गेली आणि ती स्टोअरच्या खिडकीपाशी जाऊन बसली. नव्या मुलांपैकी एकानं “मिशी कधी उतरवताय?” असं विचारलं. तिला राग यायला हवा होता, पण तिनं त्याला समोर बसवलं आणि झाकणाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तो पुन्हा हसला नाही.

आठव्या दिवशी प्लंबर आला तेव्हा सुट्टी टाकून ती हिरव्या फाटकापाशी उभी होती. सिस्टरनं आतला नळ सोडला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. सिस्टरनं बादली पुढे केली, मीटरबाईनं फडकं ओलं केलं, आणि दोघींनी मिळून पुढची खोली धुवायला घेतली. पुढच्या पंधरवड्यात तपासणी झाली, परवानगीचा कागद भिंतीवर लागला. लेकीला नववा लागून चार दिवस झाले होते.

लेक पहिल्यांदा आली तेव्हा सिस्टरनं आधी दोन्ही सर्टिफिकेटं टेबलावर ठेवली. मीटरबाईनं चष्मा चढवून शिक्का बघितला, क्रमांक बघितला, मुदत बघितली. “आई, पुरे,” लेक म्हणाली. “बघू दे त्यांना,” सिस्टर म्हणाली. “आता तरी बघू दे.” आणि पहिल्यांदा तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसलं.

मग तिनं लेकीचे जुने कागद ओळ न ओळ वाचले. “मागच्या वेळी रक्त गेलंय, तेव्हा मी गाफील राहणार नाही. औषध माझ्याकडे तयार असेल. दहा मिनिटांवरच्या हॉस्पिटलात तुझं नाव घालून ठेवायचं, तिथली डॉक्टर माझ्या ओळखीची आहे, तिच्याशी बोलून ठेवते. जरा काही वाकडं दिसलं की गाडी आणि हॉस्पिटल. तिथे हट्ट चालणार नाही. चालेल?”

लेक म्हणाली, “गाडीत तुम्ही?”

“शेजारी.”

“हॉस्पिटलात?”

“शेजारी. बाळ झालं की बाहेर बातमी सांगायलासुद्धा मी उठणार नाही. ज्याला ऐकायची आहे त्यानं आत यावं. मात्र कळा चालू असताना खोलीत तुझं एकच माणूस. कोण हवंय?”

मीटरबाईनं आपसूक पिशवी खाली ठेवली होती. लेकीनं जावयाकडे बोट केलं. “यांना ठेवा. यांनी बघायला पाहिजे.”

मीटरबाईच्या मनाला लागलं, खोटं कशाला सांगू? एवढी वणवण कुणी केली? पण तिनं पिशवी पुन्हा खांद्याला लावली. लेकीचं खरं होतं. ‘शेवटी’ म्हणणाऱ्यालाच ते सगळं सुरुवातीपासून बघायची गरज होती.

दिवस भरले तसं सकाळी न्याहारी करतानाच लेकीला कळा सुरू झाल्या. नातीला शेजारणीकडे सोडून नऊपर्यंत सगळी हिरव्या फाटकात. दार लोटलं गेलं आणि मीटरबाई बाहेर पायरीवर उरली. पुन्हा दार, पुन्हा बाहेर. आतून सिस्टरचा एकसुरी, शांत आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. ती दोनदा पाणी प्यायली, तिनं फाटकापर्यंत चार फेऱ्या घातल्या. मग न राहवून पिशवीतून हूक काढला. ऑफिसात परत करायचा राहून गेला होता, म्हणजे तिनंच राहू दिला होता. वाकली, झाकण उचललं, काच पुसली आणि मीटरशेजारी जमिनीवर बसली.

आकड्याच्या बाजूला एक छोटी लाल चकती असते. पाणी वाहिलं की ती फिरते. मीटरबाई त्या चकतीकडे डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. चकती फिरली, थांबली: कुणीतरी हात धुतले. पुन्हा फिरली, जरा जास्त: भांडं भरलं. जावई असणार, भट्टीवरच्या माणसाला कामाशिवाय उभं राहता येत नाही. अकरा वाजले, साडेअकरा. लेक ओरडली. चकती थांबलेली. आणखी ओरडली. चकती थांबलेलीच. मग सगळं गप्प झालं, चकतीही आणि लेकही, आणि मीटरबाईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. दार उघडून आत घुसावं असं वाटलं. घुसली नाही. दगडासारखी बसून राहिली, आणि मागच्या वेळी बाकावर जिचा पत्ताही नव्हता ती लेकीची हाक येते का ते कान देऊन ऐकत राहिली. हाक आली नाही.

आणि एकदम चकती गरगर फिरायला लागली. थांबेचना. त्याबरोबर आतून टाहो फुटला, बारीक, चिडका, जगाला शिव्या घालणारा. मीटरबाई जमिनीवर बसल्या बसल्या मोठ्यानं रडायला लागली. रडायचं राहिलं होतं ते सगळं आत्ताच आलं.

तिनं दाराकडे बघितलं. कुणी आलं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चकती फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती. मग दार उघडलं आणि जावई बाहेर आला, कोपरापर्यंत भिजलेला, नाक लाल. “आई, मुलगी झाली. रक्त थोडं जास्त जायला लागलं होतं, पण सिस्टर तिथेच होत्या, लगेच औषध दिलं, थांबलं. मी बघितलं. मी सगळं बघितलं, आई.” बाही तोंडावर फिरवून तो म्हणाला, “सिस्टर काही बाहेर येणार नाहीत. म्हणतात, तुम्हीच आत या.”

मीटरबाई उठली. गुडघ्यातून कळ आली, तिनं तिला भीक घातली नाही. झाकण तसंच उघडं राहिलं. खोलीत खिडकीतून ऊन आलं होतं. सिस्टर खाटेच्या कडेला बसली होती, एक हात लेकीच्या पोटावर, दुसरा लेकीच्या मुठीत. तिनं मान वर केली आणि मानेनंच मीटरबाईला जवळ बोलावलं. लेकीच्या छातीवर दुपट्यात काहीतरी हलत होतं.

“फार ओरडलीस गं,” मीटरबाई म्हणाली.

“ओरडले,” लेक म्हणाली. ती दमली होती आणि हसत होती. “पण हाक एकदाही मारली नाही, आई. मारायची कुणाला? सगळे इथेच तर होते.”